घागरीवरचा ठेका

वाघमारे भाऊसाहेब आमच्या खोलीवर पहिल्यांदा आले, तेव्हा मी त्यांना पाण्याचा पेला काठोकाठ भरून दिला. वरवर पाहता यात चूक काहीच नाही. पण तो उन्हाळा लातूरचा होता.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. कलेक्टर आले, त्यांची गाडी आली, उस्मानाबादेहून ट्रकभर कपाटं आली, आणि भाऊहिश्श्यात धाकट्याला मिळतात तशी मोडक्या पायांची टेबलंही आली. पाणी तेवढं यायचं राहिलं होतं. त्या उन्हाळ्यात गावात पाहुण्याला अर्धा पेला द्यायची रीत पडली होती आणि त्यात कुणाला अपमान वाटत नसे. उलट कुणी भरून दिला, तर ह्याची टँकरवाल्याशी ओळख दिसते, असा संशय यायचा. पण भाऊसाहेब आमच्या टंचाई शाखेचे अव्वल कारकून. कुठल्या गल्लीत टँकर कधी जाणार हे ते ठरवायचे. मी त्यांच्या हाताखालचा, नांदेडहून बदलून आलेला कनिष्ठ कारकून. तेही नांदेडचेच. म्हटलं, मान दिसला पाहिजे.

त्यांनी उजव्या हातात पेला घेतला आणि तो नाचायला लागला. आधी काठावरून पाणी सांडलं, मग पँटीवर, मग फरशीवर. खोलीत आम्ही तिघंच होतो आणि तिघंही त्या पाण्याकडं बघत होतो. माझी बायको उठली, फडक्यानं फरशी पुसली, आणि फडकं बादलीत पिळून ठेवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"असू द्या वैनी," भाऊसाहेब म्हणाले. "तुमच्या फरशीला बी तहान लागली असंल." मग माझ्याकडं वळून, "जाधव, पुढल्या खेपंला निम्माच देत जा. काय हाय, निम्मा मी पितो अन् निम्मा ह्यो हात पिऊन राहिला."

वर्षभर मी त्यांच्यासमोर बसत होतो, आणि त्यांचा हात थरथरतो हे मला तोवर कळलं नव्हतं. त्याला कारण होतं. भाऊसाहेबांची बोटं कायम हलायचीच. ते ढोलकी वाजवायचे. नांदेडला त्यांच्या मोहल्ल्यातल्या गायन पार्टीत, सोनकांबळे नावाच्या गायकाच्या साथीला, ते मिसरूड फुटल्यापासून बसत आलेले. लातुरात नोकरी नाइलाजानं, शनिवारी दुपारी एसटी पकडून नांदेड. बाकी सगळा आठवडा टेबल वाजायचं. फाईल वाचताना टेबल, साहेब बोलावताना दाराची चौकट, चहा येईपर्यंत स्वतःची मांडी. त्यामुळं हात कधी वाजवतोय आणि कधी आपला आपण थरथरतोय, हे आम्हा कुणाला वेगळं काढता आलं नाही. त्यांनाही बहुतेक बरेच दिवस आलं नसावं.

माणसं ते चालीवरून ओळखायचे. आमची शाखा वरच्या मजल्यावर, आणि भाऊसाहेब जिन्याकडं पाठ करून बसायचे. पावलं वाजली की मान न वळवता म्हणायचे, "साहेब येऊन राहिले. घरी भांडून आलेत, डावा पाय आपटतोय. जाधव, आज सहीला फाईल नेऊ नका." साहेब यायचे, आणि पहिल्या फाईलीलाच कुणाची तरी बिनपाण्यानं व्हायची. एकदा मी मोठ्या हौसेनं विचारलं, "भाऊसाहेब, माझी चाल कशी आहे?"

"तुमची?" त्यांनी डोळे मिटून आठवून पाहिलं. "वरात पुढं निघून गेल्यावर मागं राहिलेला सनईवाला असतो बघा. घाई लई, ताल न्हाई."

मी घरी येऊन हे बायकोला सांगितलं. सहानुभूतीच्या अपेक्षेनं सांगितलं होतं. तिनं मला खोलीत एकदा इकडून तिकडं चालायला लावलं आणि म्हणाली, "खरंच की."

भाऊसाहेबांच्या बायकोचं नाव कलावती. आम्ही वहिनी म्हणायचो. ढोलकीला त्या सवत म्हणायच्या, आणि ते काही लाडानं नव्हतं. "आमची सवत एसटीत खिडकीशी बसती, मांडीवर. मी उभी. तिला गवसणी मखमलीची, मला लुगडं सुती." नवरा टँकरचा मालक असल्यासारखा गावभर पाणी वाटतो आणि आपल्या गल्लीचा टँकर मात्र, कुणी बोट दाखवायला नको म्हणून, सगळ्यात शेवटी लावतो, याचाही त्यांना राग. "लोकांच्या दारात पाणी, अन् माझ्या दारात भाऊसाहेब!" असं त्या भाऊसाहेबांसमोरच म्हणायच्या. भाऊसाहेब उंबऱ्यावर ठेका धरून हसायचे. तेव्हा त्यांचा चेहरा हसायचा.

पेल्याचा तो प्रसंग झाल्यावर मी त्यांच्या हाताकडं बघायला लागलो, आणि माझ्यासारखेच बाकीचेही. कचेरीत कुजबुज सुरू झाली की भाऊसाहेब घ्यायला लागले. ज्या माणसानं आपल्या पार्टीतल्या बाकीच्यांची दारू सोडवली, त्याच्याबद्दल ही कुजबुज. शेवटी साहेबांनी एकदा त्यांना काहीतरी निमित्तानं टेबलाजवळ बोलावलं, अजून जवळ बोलावलं, आणि हुंगल्यासारखं केलं. भाऊसाहेबांच्या ते लक्षात आलं. त्यांनी वाकून साहेबांच्या तोंडासमोर लांब श्वास सोडला.

"घ्या साहेब, पोटभर घ्या. सकाळची ज्वारीची भाकर हाय अन् लसणाची चटणी."

साहेब खजील झाले, आणि त्यांनीच हैदराबादच्या एका डॉक्टरांना चिठ्ठी दिली. भाऊसाहेब चार दिवसांची रजा टाकून गेले. परत आले तेव्हा आम्ही सगळे भोवती जमलो.

"कंपवात म्हणतेत," ते म्हणाले. "कमी होणार न्हाई म्हणला डॉक्टर. मी म्हणलं, बरं, वाढणार किती ते तरी सांगा. तर तो पंख्याकडं बघाया लागला."

मी म्हणालो, "गोळ्यांनी फरक पडेल." मला त्यातलं काहीही कळत नव्हतं.

"पडतोय ना. गोळी चढली की हात माझा. उतरली की त्याचा तो. आजवर ह्या हातांला चाल मी लावत आलो, जाधव. आता त्यांनी आपली सोताची लावलीय. अन् ती बेताल हाय, ह्योच त्रास."

पुढच्या वर्षभरात ते आमच्या डोळ्यांदेखत आटत गेले. आवाज खाली गेला. अक्षर बारीक होत गेलं, शेवटी मुंग्यांची रांग. सगळ्यात वाईट झालं ते चेहऱ्याचं. तो थांबला. विनोद तेच करायचे, पण चेहरा दगडासारखा, त्यामुळं नवीन माणूस हसायचा नाही आणि जुन्याला हसताना चोरी केल्यासारखं वाटायचं. वहिनी म्हणायच्या, "त्येंच्या तोंडाकडं बघू नका. पायाचा अंगठा बघा. खुश असले की हलतो."

आणि मग पाय अडायला लागले. मोकळ्या जागेत बरे चालायचे, पण दार आलं की उंबऱ्यापाशी तळवे जमिनीला चिकटायचे. पहिल्यांदा हे झालं ते रेकॉर्ड रूमच्या दारात. मी मदतीला धावलो आणि त्यांना हाताला धरून ओढलं. अशा माणसाला ओढायचं नसतं. आम्ही दोघंही जुन्या सातबारांच्या गठ्ठ्यावर जाऊन पडलो. धूळ खाली बसल्यावर माझ्या खालून आवाज आला, "जाधव, तुमी सनईच वाजवा."

यावर इलाज सापडला तो भांडणातून. त्यांच्या गल्लीत टँकर आलेला. भाऊसाहेब नेमके बाहेरच्या दारात अडकलेले, आणि त्यांच्या मागं वहिनी, डोक्यावर हंडा, कमरेला लग्नातली पितळी घागर. बाहेर बायकांची रांग, भोंगा, आरडाओरडा, आणि हा माणूस दारात खांबासारखा उभा.

"सरका की अवं! टँकर चाललं!"

ते सरकेनात. वहिनींचा संताप झाला. नवऱ्याला तर मारता येत नाही, म्हणून त्यांनी रिकाम्या घागरीवर थापा हाणल्या. धडाधड. आणि भाऊसाहेब चालायला लागले. थापेला एक पाऊल, थापेला एक पाऊल, थेट अंगणापर्यंत. वहिनी थांबल्या, तर ते थांबले. वहिनींनी पुन्हा थाप मारली, तर पाय पुन्हा उचलला. आम्ही तोवर त्यांच्या शेजारीच राहायला गेलो होतो, माझ्या बायकोनं रांगेतून हे बघितलं. ती सांगते, वहिनी टँकर विसरल्या. त्यांनी नवऱ्याला दारातून आत नेलं, बाहेर आणलं, पुन्हा आत नेलं. तोवर टँकर निघून गेला. त्या दिवशी त्या घरात पाण्याचा थेंब आला नाही, आणि वहिनी कितीतरी वेळ घागर मांडीवर घेऊन बसून होत्या.

त्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. भाऊसाहेब खाटेवर, वहिनी खाली घागर घेऊन. भिंतीपलीकडून आम्हाला सगळं ऐकू यायचं.

"म्हण. धा गे ना ती."

"धा गे ती."

"ना कुठं गेला?"

"कंचा ना?"

"खाल्लास तू. ना खाल्लास! त्या नावर माझा पाय पडणार हाय, कलावती. ना न्हाई तर मी तोंडावर पडंन."

"आजवर तुमचं खाल्लं ते खाल्लं, आता तुमचा ना बी खाल्ला!"

आम्ही इकडं उशीत तोंड घालून हसायचो. मी एकदा शहाणपणानं सुचवलं, "वहिनी, घागर कशाला? घरात ढोलकी आहे की." त्या माझ्याकडं अशा बघायला लागल्या की मी दोन पावलं मागं सरलो. "सवतीला हात लावीन व्हय मी?"

पण घागर वाजायला रिकामी लागते. अर्धी भरली तरी नुसता थप्प आवाज येतो, त्यावर पाऊल पडत नाही. हंड्यावर करून पाहिलं, प्लॅस्टिकच्या कळशीवर करून पाहिलं, भाऊसाहेबांचे पाय ऐकेनात. तेव्हा त्या दुष्काळात, ज्या गल्लीत बायका वाट्यांतसुद्धा पाणी भरून ठेवत होत्या, त्या गल्लीत वहिनींची सगळ्यात मोठी घागर कोरडी राहायला लागली. रांगेत बायका टोमणे मारायच्या. "काय गं, घागर घरीच? का कलेक्टरच्या बंगल्यावरनं येऊन राहिलं पाणी?"

"नवऱ्याला चालवाया लागते," वहिनी सांगायच्या, आणि हंडा लावायच्या. त्या घरात भांडी राखेनं घासली जायची आणि अंघोळीच्या पाण्यात कपडे निघायचे. माझी बायको कधीमधी भिंतीवरून एक तांब्या द्यायची. एरवी हिशोबाला पक्की, पण याबद्दल मला तिनं कधी सांगितलं नाही. मीच एकदा पाहिलं.

चौदा एप्रिलची जयंती जवळ आली. गोळीचा जोर आता लवकर ओसरायचा, आणि भाऊसाहेबांना ठाऊक होतं की पुढच्या जयंतीला आपण बसू शकणार नाही. यंदा बसायचं, एवढंच त्यांना हवं होतं. मार्चात सोनकांबळे नांदेडहून भेटायला आले. मोठा गोड माणूस, त्यामुळं बोलायचं ते बोलता येईना. चहा झाला, पाऊसपाणी झालं, जिल्ह्याचं झालं. शेवटी म्हणाले, "दादा, औंदा तुमी ष्टेजवर खुर्चीत बसा. पार्टीचे बुजुर्ग म्हणून. हार घालू."

"हार जिता माणूस घालतो का?"

"तसं न्हाई दादा, मान म्हणून."

"मान नगं. ढोलकी द्या."

सोनकांबळ्यांनी रिकामी कपबशी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. भाऊसाहेबांचा चेहरा नेहमीसारखाच दगडाचा. पण मी आता अंगठ्याकडं बघायला शिकलो होतो. तो हलत नव्हता.

"एक गाणं," सोनकांबळे शेवटी म्हणाले. "सलामीचं. ते संथ हाय."

जयंतीला आम्ही नवरा-बायको त्यांच्याबरोबर नांदेडला गेलो. एसटीत खिडकीशी ढोलकी होती, भाऊसाहेबांच्या मांडीवर. वहिनी उभ्या होत्या, कारण घागर त्यांच्या कमरेला होती आणि घागरीला खाली ठेवायला जागा नव्हती. "दोन दोन सवती झाल्या आता," असं त्या कंडक्टरला म्हणाल्या. त्यानं घागरीचं तिकीट मागितलं नाही.

संध्याकाळी मोहल्ल्यातल्या मैदानात निळ्या पताका, माणसंच माणसं. भाऊसाहेबांनी पांढरा सदरा घातलेला. त्यांनी अर्ध्या पेल्यात गोळी घेतली, आम्ही गोळी चढायची वाट पाहिली, आणि निघालो. मंडपाच्या तोंडाशी बांबूंची कमान होती. ती दारासारखीच. पाय अडले.

मागून लोक यायला लागले. पुढून लोक बघायला लागले. वहिनींनी घागर कमरेवरून काढली, जमिनीवर मांडी घातली आणि सगळ्यांसमोर वाजवायला लागल्या. धा गे ना ती. काही पोरं हसली. कुणीतरी म्हणालं, "घागर काहून वाजवून राहिली ही बाई?" वहिनींनी मान वर केली नाही. भाऊसाहेबांचं पाऊल उचललं. मग पुढं बसलेल्या बायकांपैकी एकीला काय उमगलं कोण जाणे, तिनं टाळी धरली, मग दुसरीनं, आणि भाऊसाहेब त्या टाळ्यांवर स्टेजपर्यंत चालत गेले. आयुष्यात मी इतक्या तालात चाललेला माणूस पाहिलेला नाही.

इथं थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. पण पुढंही सांगायला हवं.

सलामी सुरू झाली. पहिलं कडवं भाऊसाहेबांनी वाजवलं, आणि ते त्यांचंच होतं. थाप पडली तशी सोनकांबळ्यांनी चमकून वळून पाहिलं. दुसऱ्या कडव्याला हात बारीक व्हायला लागला, अक्षर झालं होतं तसा. थापेचा आवाज निम्म्यावर आला. गाणं पुढं, ढोलकी मागं. सोनकांबळ्यांनी गाणं ओढून धरलं, अजून संथ केलं, इतकं की समोरचे लोक एकमेकांकडं बघायला लागले. मग पडद्यामागून दुसरी ढोलकी सुरू झाली. ती आधीपासून तिथं ठेवलेली होती. त्यात कुणाचा दोष नव्हता, कार्यक्रम पार पडायला हवा होता.

भाऊसाहेबांना ते पहिल्याच थापेला कळलं असणार. त्यांनी हात थांबवले नाहीत. फक्त चामड्यापासून वर उचलून धरले, आणि गाणं संपेपर्यंत हवेत वाजवत राहिले, दुसऱ्याच्या ठेक्यावर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मला तिथून त्यांचा अंगठा दिसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी परतीच्या एसटीत ढोलकी पुन्हा भाऊसाहेबांच्या मांडीवर होती. अहमदपूरच्या आसपास मला राहवेना आणि मी म्हणालो, "छान झालं भाऊसाहेब."

ते खिडकीबाहेर बघत होते. बाहेर नुसतं उघडं रान. "जाधव," ते म्हणाले, आवाज इतका खाली की मला वाकावं लागलं, "खोटं कशापायी बोलता? पहिलं कडवं माझं होतं. चार ओळी." मग पुन्हा बाहेर बघत, "चार ओळी लई झाल्या."

मी खाली पाहिलं. चपलेतला अंगठा हलत होता. आता तो आनंदानं हलत होता का एसटीच्या हादऱ्यानं, हे मी आजही सांगू शकत नाही.

त्यांनी मुदतीआधीच नोकरी सोडली आणि ते दोघं नांदेडला परत गेले. नंतरच्या जयंत्यांना खुर्ची झाली, हार झाला, आणि मग तोही बंद झाला. आम्ही भेटायचं भेटायचं म्हणत राहिलो. गेलो तेव्हा काही वर्षं उलटली होती. विष्णुपुरी धरणाचं पाणी आलं होतं, मोहल्ल्यात घरोघरी नळ होता. एसटी स्टँडवर अर्धापूरची केळी घेतली आणि घर शोधत गेलो.

गल्लीच्या तोंडापासूनच घागर ऐकू आली. मी बायकोला म्हणालो, "चालतात म्हणजे अजून."

अंगणात नळ चालू होता, खाली बादली भरून वाहत होती आणि कुणाचं तिकडं लक्ष नव्हतं. घरात हंडे, कळश्या, सगळं भरलेलं. वहिनी आतल्या खोलीत जमिनीवर बसल्या होत्या, मांडीशी ती कोरडी पितळी घागर. भाऊसाहेब दारात उभे होते. चौकट दोन्ही हातांनी धरलेली, एक पाय उंबऱ्याच्या अलीकडं, दुसराही अलीकडंच. खूप वाळले होते. वहिनी वाजवत होत्या. धा गे ना ती. ‘ना’ खाल्ला जात नव्हता आता. एवढा स्वच्छ ठेका, की माझ्यासारख्या सनईवाल्याचाही पाय हलला. त्यांचा हलला नाही.

आम्ही अंगणात केळी धरून उभे. मला वाटलं, आता थांबतील. खुर्ची आणतील, धरून आत नेतील. वहिनींनी आम्हाला पाहिलं, मानेनंच बसा म्हणाल्या, आणि वाजवत राहिल्या. तेव्हा हळूहळू माझ्या लक्षात आलं की पाय येत नाहीत हे त्यांना केव्हाचंच ठाऊक होतं. त्या त्यांना चालवायला वाजवत नव्हत्या. भाऊसाहेबांनी डोकं चौकटीला टेकलं होतं आणि डोळे मिटले होते. ऐकत होते. अनवाणी पायाचा अंगठा फरशीवर उठत होता, पडत होता, नेमका त्या ‘ना’वर.

ठेका संपल्यावर वहिनींनी आणि मी मिळून त्यांना खुर्चीत बसवलं. वहिनींनी त्यांना अर्धा पेला पाणी पाजलं. आम्हाला भरून दिले. निघताना मी भाऊसाहेबांना नमस्कार केला तेव्हा त्यांचे ओठ हलले, ते जयभीम म्हणाले असावेत.

परतीच्या एसटीत मी बायकोला सगळं समजावून सांगत बसलो. औषधं आता चांगली निघाली आहेत, असंही काहीतरी म्हणालो. ती खिडकीबाहेर बघत होती. माझं बोलून झाल्यावर म्हणाली, "अहो, उद्या ते नसले, की ती घागर वहिनी नळाखाली लावतील कशी?"